पाच बोटं उंच

पावाची गाडी गोठ्यात गेली ती पुन्हा कधीच बाहेर आली नाही.

असं काही झालेलं नाही. घरात कुणालाही विचारा. आत्या म्हणेल, विषय कार्यवाहीत आहे. आई म्हणेल, कुठली गाडी? बाबा ऐकू न आल्यासारखं करून रंधा मारत राहतील. घरच्यांच्या शब्दाला मान देऊन आपणही असंच धरून चालू, की रविवारचे तीन वाजले आहेत, गाडी गोठ्यात दुरुस्त होऊन उभी आहे आणि पाचच्या आत ती दारातून निघून बाहेर रस्त्यावर उभी राहणार आहे. दार समोरच होतं. उघडंही होतं.

थोरली गाडीखालच्या खड्ड्यात उभी राहून डोक्यावरचा शेवटचा नट आवळत होती. थोरली म्हणजे घरातली एकुलती एक मुलगी. धाकटी होईल या भरवशावर नाव आधीच पाडून टाकलं. धाकटी झाली नाही, नाव मात्र राहिलं. बारा वर्षं तिनं शहरात दुसऱ्याच्या गॅरेजात काढली होती. तिनं गाडी दुरुस्त करायची आणि मालकानं गिऱ्हाइकासमोर बॉनेटवर हात फिरवायचा, अशी कामाची वाटणी होती. मालक तसा वाईट नव्हता. बारा वर्षांत त्यानं तिला एकदाच नावानं हाक मारली होती, आणि ते नाव दुसऱ्याच कुणाचं तरी होतं.

नट बसला. तिनं पाना खाली ठेवला आणि थोडा वेळ नुसती उभी राहिली. कौलांच्या फटींतून उन्हाच्या काठ्या आत उतरल्या होत्या. त्यांतली धूळ इतकी सावकाश फिरत होती, की आपल्याला कुठे जायचं होतं तेच ती विसरली असावी.

शेवटची गाय जाऊन तीस वर्षं झाली होती, पण ते गोठ्याला कुणी कळवलं नव्हतं. दुपारी हवा जड झाली की गवताचा वास यायचा. कोपऱ्यातली भिंत उबदार लागायची, कुणीतरी आत्ताच अंग घासून गेल्यासारखी. बाबा धंद्यानं सुतार. त्यांनी सहा महिने खपून या गोठ्याचं गॅरेज केलं, पण गोठ्याला वाईट वाटणार नाही अशा बेतानं. गव्हाणी तशाच ठेवल्या. त्यांत आता पाने आपापल्या मापानं ओळीत निजत. दावी बांधायच्या कड्यांना साखळी आणि कप्पी लावून इंजिन उचलायची सोय केली. मुताच्या नालीतून सांडलेलं तेल वाहू लागलं. खड्ड्याला मात्र दोन महिने लागले, कारण वीतभर मातीखाली खडक निघाला आणि खडकानं बाबांचं काहीएक ऐकून घेतलं नाही.

आणि या सगळ्यावर आत्याचा कागद होता. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, निवृत्त कारकून. घर तिच्या नावावर होतं, कारण घरात वाचता येईल अशी सही तिच्या एकटीचीच. तिनं स्वच्छ अक्षरात तीन प्रतींत लिहून दिलं होतं: "दुरुस्तीस आलेली पहिली गाडी रविवारी सायंकाळी पाचपर्यंत स्वतःच्या चाकांवर रस्त्यावर उभी राहिल्यास गोठा थोरलीकडे. न राहिल्यास गोठा पूर्ववत." सोमवारी सकाळी आठला थोरलीनं शहरातल्या मालकाला फोन करायचा होता. येते किंवा येत नाही. यापलीकडचं तो ऐकून घेत नसे.

"झालं का गं?" बाबांनी दारातून विचारलं.

"झालं."

"खडखड?"

"गेली. चारी पाटे नवे घातलेत. जुने तर पार झोपले होते, बाबा. गाडी चालत नव्हती, रांगत होती."

पाटे म्हणजे गाडीच्या बुडाखाली असतात त्या लोखंडी पट्ट्यांच्या कमानी. त्यांच्यावर गाडी तोललेली असते. थोरलीनं ते स्वतः ठोकून, वाकवून, पाणी देऊन घडवले होते. तिनं बॉनेटकडे पाहिलं. हात फिरवावा असं वाटलं, पण सवय नव्हती. ती गाडीत बसली, किल्ली फिरवली. इंजिन एका दमात बोलू लागलं. गाडी सावकाश दाराकडे निघाली.

ठक्.

आवाज फार मोठा नव्हता. कपाटाचं दार लागावं एवढाच.

*

माळ्यावर काका झोपले होते. काका बाबांचे धाकटे भाऊ, घड्याळजी. त्यांच्या खोलीत चाळीस घड्याळं होती आणि ती सगळी चालत होती, यातच त्यांच्या आयुष्याचं दुःख आलं. जगात टिकटिक नसलेली एकच जागा त्यांना सापडली होती, ती म्हणजे गोठ्याचा माळा. वीस वर्षं ते रोज दुपारी दोन ते चार तिथल्या जुन्या गवतावर झोपत. गॅरेजला त्यांचा विरोध होता, पण झोपेत असल्यामुळे तो कुणाला नीट कळला नव्हता. आत्याच्या कागदातलं 'पूर्ववत' त्यांच्यासाठीच होतं.

त्या वेळी ते स्वप्नात एका नदीचे काटे पुसत होते. नदीला मोठा काटा आणि लहान काटा होता, आणि लहान काट्यावर एक गाय उभी होती. गाय म्हणाली, "ठक्." काका जागे झाले. त्यांनी माळ्याच्या कडेवरून खाली मान घातली, तर नाकासमोर गाडीचं पांढरं टप.

"दादा," त्यांनी हाक मारली, "गाडी वर आली आहे."

"वर कशी येईल?" बाबा म्हणाले.

"मला नका विचारू. मी झोपलो होतो. पण काल माझा पाय खाली लोंबकळत होता, तेव्हा तिला लागत नव्हता. आज लागतोय."

थोरली गाडीतून उतरली. टपाची कड दारावरच्या तुळईला टेकली होती. टेकली म्हणजे तुळईखाली जायचं तिचं लक्षणच दिसत नव्हतं. थोरलीच्या पोटात खड्डा पडला. या खड्ड्याला मात्र दोन महिने लागले नाहीत.

"बाबा, दाराची उंची किती घेतली होती?"

"गाडीएवढी. वर एक बोट जास्त."

"आणि गाडी कधी मोजली होती?"

"आली त्या दिवशी. मग जुनी तुळई त्या मापावर चढवली."

"तेव्हा आत पिठाची पोती होती. आणि पाटे झोपलेले."

"ते मला काय माहीत? मी गाडी मोजली. पीठ नाही मोजलं."

"मग पाटे बदलल्यावर परत..."

बोलता बोलता तिनं जीभ चावली.  काकांनीसुद्धा मान आत घेतली.

परत मोजणं या घरात नव्हतं. कुठलीही वस्तू एकदाच मोजायची; एकदा मोजलं की मोजलं. हे पणजोबांपासून चालत आलेलं. पणजोबांनी आणि त्यांच्या भावानं मिळून हे अंगण घेतलं, तेव्हा पणजोबांनी ते मोजलं आणि बेचाळीस पावलं भरलं. रात्री भावाला राहवेना. त्यानं पहाटे उठून पुन्हा मोजलं, तर त्रेचाळीस. त्या एका पावलावर घर फुटलं. भाऊ बोळापलीकडे राहायला गेला आणि त्याच्या घरात सगळं दोनदा मोजायची रीत पडली. दोन्ही घरांत बोलणं बंद. या घरात पलीकडच्यांना 'दुसऱ्या मापाचे' म्हणत. दुसऱ्या मापाचे लोक कधी चुकत नसत, फक्त सगळीकडे उशिरा पोहोचत.

आणि गाडी त्यांचीच होती. त्या घरात आता एकटाच उरलेला पाववाला, बाबांच्याच वयाचा. महिन्यापूर्वी एका सकाळी ती फाटकाबाहेर पिठासकट उभी होती आणि काचेवर चिठ्ठी होती: "खडखड होते." खाली सही नव्हती. दुसऱ्या ओळीत पुन्हा लिहिलं होतं: "खडखड होते." चिठ्ठी कुणाची, हे त्यावरून कळलं.

*

"तुळई कापू या," काका वरून म्हणाले. त्यांनी हे का म्हटलं, ते त्यांनाही कळलं नाही. तुळईवरच त्यांचा माळा होता. थोरलीचा चेहरा त्यांना वरून उलटा दिसत होता, आणि उलट्या चेहऱ्यावरचं दुःख त्यांना कधी बघवत नसे. त्यामुळेच ते गिऱ्हाइकांची घड्याळं उलटी ठेवत नसत.

"तुला काय बाधलंय?" बाबा भडकले. "सहा महिने म्हणत होतास, गोठ्याला हात लावू नका!"

"आता म्हणतोय लावा. माझं मत आहे, फिरवीन."

"तुळई बरोबर आहे. मोजून घातलीय."

"अहो, पण गाडी अडकलीय," आई म्हणाली. आवाज ऐकून ती आत आली होती.

"मग गाडी चुकीची आहे."

"गाडी मी दुरुस्त केलीय, बाबा," थोरली म्हणाली.

बाबांनी तुळईकडे पाहिलं. सहा महिने ते लेकीच्या बाजूनं होते आणि काका विरोधात. आता दोन मिनिटांत दोघांची अदलाबदल झाली होती आणि दोघांनाही एकमेकांची जागा आवडली नव्हती.

आत्या ओट्यावर कागद मांडीवर घेऊन बसली होती. "चार वाजायला वीस कमी," तिनं नोंदवलं. "मी कुणाच्या बाजूनं नाही."

"अक्का, तू लिहिलंस ते खोड ना सरळ," बाबा म्हणाले.

"खाडाखोड केली की कागद बाद होतो. कागद बाद झाला की गोठा पूर्ववत."

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. फाटकात पाववाला उभा होता, कपाळावर पीठ, हातात टोपी. गाडी न्यायला त्याला साडेतीनची वेळ दिली होती. त्यानं पाय आत टाकला, थांबला, मागे घेतला आणि पुन्हा टाकला. मग तो अंगणात आला. त्या घरातलं माणूस ऐंशी वर्षांत पहिल्यांदा या अंगणात चालत होतं. चालताना त्याचे ओठ हलत होते.

"पावलं मोजतोय," आई कुजबुजली.

"मोजू दे," आत्या म्हणाली, पण मान वळवून तिनंही ऐकायचा प्रयत्न केला.

पाववाल्यानं गाडी पाहिली. तुळई पाहिली. त्याचा हात खिशातल्या टेपकडे गेला आणि बाबांचा चेहरा पाहून परत आला.

"जुने पाटे आहेत का अजून?" त्यानं थोरलीला विचारलं.

"आहेत. कोपऱ्यात."

"मग तेच घाल की. तासाभराचं काम. गाडी बसेल, निघेल. मला खडखडीची सवय आहे, पोरी. पावांनाही आहे."

आई आशेनं लेकीकडे पाहू लागली. काका वरून म्हणाले, "हे बरंय!" बाबांनी सुटकेचा श्वास सोडला, यात त्यांचं दारही खरं ठरत होतं. थोरलीनं कोपऱ्याकडे पाहिलं. सपाट, गंजलेले, दमून भुईला लागलेले पाटे. एका तासाचं काम होतं, आणि मग गोठा तिचा. गव्हाणीतले पाने, उबदार भिंत, सकाळी स्वतःच्या हातानं उघडायचं दार, सगळं तिचं. तिला ते इतकं हवं होतं की तळहात दुखायला लागले.

"नाही," ती म्हणाली.

"अगं, आजच्यापुरतं..."

"दुरुस्त केलेली गाडी मी बिघडवणार नाही, आई. पहिलीच गाडी आहे. पहिल्या गाडीला असं केलं, तर पुढच्या कुठल्या गाडीखाली मी शिरू शकेन? त्यापेक्षा जाते शहरात. तिथे निदान बिघडवायला तरी कुणी सांगत नाही."

 उन्हाच्या काठ्या थोड्या तिरक्या झाल्या होत्या. पाववाल्यानं हात पँटीला पुसले.

"बॉनेटला हात लावला तर चालेल?" त्यानं विचारलं.

"गाडी तुमचीच आहे."

"गाडी माझी आहे. पण दुरुस्ती तुझी आहे, म्हणून विचारलं."

थोरलीला एकदम नाक पुसावंसं वाटलं. हाताला तेल होतं, तरी पुसलं. नाकाखाली मिशी आली.

*

पुढे जे झालं त्याची घरात वेगवेगळी हकिकत सांगतात, पण बाबांनी हात पुढे केला याबद्दल दुमत नाही.

"टेप द्या," ते पाववाल्याला म्हणाले.

पाववाल्यानं टेप दिली. देण्याआधी ती टोपीनं दोनदा पुसली. पिढ्यान्‌पिढ्या ज्या गोष्टीवरून त्यांना हसलं गेलं, ती आज कुणीतरी मागून घेत होतं. बाबा शिडीवर चढले. जमिनीपासून तुळईपर्यंतचं अंतर त्यांनी मोजलं. मग गाडीचं टप मोजलं. मोजताना त्यांनी डोळे मिटले होते, त्यामुळे आकडा आईला वाचावा लागला.

"गाडी पाच बोटं उंच," आई म्हणाली.

बाबा शिडीवरच बसले. पणजोबा समोर येऊन उभे राहतील, छप्पर कोसळेल, निदान एखादं कौल तरी घसरेल, असं त्यांना वाटत होतं. काही झालं नाही. एक पाकोळी आत आली आणि माळ्यावर जाऊन बसली. बाबांना वाटलं, इतकंच होतं का हे? इतक्या वर्षांत कपाटांची किती दारं तासून बसवली, आणि प्रत्येक वेळी दार चुकीचं आहे असंच म्हणत आलो.

"माझं चुकलं," ते लेकीला म्हणाले. शिडीवरून म्हटल्यामुळे ते जरा जाहीर वाटलं.

"राहू दे, बाबा."

"राहू कसं दे? तुळई तासतो."

"पाच बोटं? केव्हा होईल?"

बाबांनी तुळईला टिचकी मारली. जुनं, दगड झालेलं लाकूड. खोटं बोलणं त्यांच्या हातांना जमत नसे. "उद्या दुपारपर्यंत," ते म्हणाले.

"सव्वाचार," आत्यानं नोंदवलं.

"जमीन खणली तर?" पाववाल्यानं विचारलं.

"खडक आहे," सगळे एकदम म्हणाले.

आई गाडीभोवती एक फेरी मारून आली. ती तीस वर्षं वजनकाट्यावर कामाला होती. समोरून ट्रक गेला की ती आकडा सांगायची, आणि माणूस गेला तरी. त्यामुळे तिला लग्नकार्यांना जरा कमीच बोलावत.

"आत वजन घातलं की गाडी बसेल ना? गाडीतली पिठाची पोती कुठायत?" तिनं विचारलं.

"त्यांचे पाव झाले," पाववाला म्हणाला.

"मग पाव आणा."

"ते लोकांनी खाल्ले."

"म्हणजे आता वजन आपलंच," आई म्हणाली आणि सगळ्यांवरून एकेकदा नजर फिरवली. सगळ्यांनी पोटं आत घेतली. "थोरले, चारी चाकांची हवा सोडायला घे. ती दोन बोटं देईल. ऐरण, हातोडे, जुने पाटे सगळं आत टाका. आपण सहाजण. नवे पाटे आहेत, एका बोटाला तीनशे किलो मागतील."

"वहिनी, माझं किती धरलंत?" काकांनी माळ्यावरून उतरताना विचारलं.

"विचारू नका, भावजी. आजच्या दिवसाला ते उपयोगी आहे."

हवा फुसफुसत बाहेर पडली आणि गाडी उसासा टाकल्यासारखी खाली आली. दोन बोटं. ऐरण चढवायला बाबा आणि पाववाला एकत्र लागले. "जरा डावीकडे घ्या," बाबा म्हणाले. "घेतो, दादा," पाववाला म्हणाला. दोघेही ऐरण धरून क्षणभर थबकले. मग ऐरण फारच जड आहे असं दोघांनी ठरवलं आणि घाईनं पुढे सरकले.

एकेकजण आत शिरला. मागच्या बाजूला पावाचे ट्रे ठेवायच्या फळ्या होत्या. त्यांवर सगळे पाय दुमडून बसले, भट्टीतून नुकतेच काढल्यासारखे. आत्याला पुढची जागा दिली. ती निःपक्षपाती असल्यामुळे बरोबर मध्ये बसली. थोरली स्टिअरिंगच्या चाकाशी. गाडी हळूहळू बसत गेली, आई मोजत गेली. एक बोट. दीड. दोन. आणि थांबली.

थोरलीनं गाडी पुढे घेतली.

टक्.

मघापेक्षा आवाज अगदी लहान होता. जवळजवळ प्रेमळ.

बाबांनी खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकून तिसऱ्यांदा मोजलं. आता त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. "एक बोट," ते म्हणाले.

"तीनशे किलो," आई म्हणाली. "पाववाले भावजी, तुमच्याकडचं आणखी कुणी?"

"माझ्याकडे मी आहे," तो म्हणाला. "आणि भट्टी."

"मी दगड आणतो," बाबा उठले. ते उठताच गाडी किंचित वर आली. ते परत बसले. काका उठले, गाडी वर आली, काका बसले. दगड आणायला जाणारा उतरला की त्याच्याएवढे दगड आधी तो नसण्याची भरपाई करण्यातच जाणार होते, हे हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं. आईनं एक हिशेब करून पाहिला आणि तो कुणाला सांगितला नाही.

तेवढ्यात घरातून पाचचे ठोके सुरू झाले.

काकांची चाळीस घड्याळं एकमेकांचं कधीच ऐकत नसत. त्यामुळे त्या घरात पाच वाजायला सात मिनिटं लागत. आधी एक खोल, लांबचा ठोका आला, मग दोन बारीक, मग एकदम पाऊस पडल्यासारखे बरेच. अंगणावरून ते तरंगत गोठ्यात येत राहिले. गाडीत पावाचा वास होता, फळ्यांमध्ये, पत्र्यामध्ये, वर्षानुवर्षांचा. मागच्या दारातून येणारं ऊन सगळ्यांच्या गुडघ्यांवर पडलं होतं. इंजिन हळू सुरूच होतं आणि गाडी जागच्या जागी कुठेतरी निघाल्यासारखी वाटत होती. एखाद्या लांबच्या, रुंद गावाला.  सात मिनिटं तरी पाच पूर्ण वाजले नव्हते.

"त्रेचाळीस का हो?" बाबांनी हळूच विचारलं. "अंगण. येताना मोजलंत ना?"

"साडेबेचाळीस," पाववाले काका म्हणाले. "दोनदा मोजलं."

शेवटचं घड्याळ वाजलं. थोरलीनं इंजिन बंद केलं. दोन्ही हात चाकावर ठेवून ती समोर बघत राहिली. समोर दार होतं, दारातून रस्ता दिसत होता. साडेबेचाळीस पावलं लांब.

"उद्या आठला फोन करते," ती म्हणाली. "सांगते, येते म्हणून."

तिच्या मागून घोरण्याचा आवाज आला. काका ऐरणीला टेकून गाढ झोपले होते, तोंड उघडं, त्यांची टोपी घसरून पाववाले काकांच्या खांद्यावर.

"हा चारनंतर कधीच झोपत नाही," बाबा म्हणाले.

"इथे टिकटिक नाही ना," आई म्हणाली. "पत्रा जाड आहे. म्हणजे याला माळा नकोच होता. गाडी पाहिजे होती."

"ती उद्या तुळई तासल्यावर जाईलच," बाबा म्हणाले. मग त्यांना आठवलं, की उद्या गोठा पूर्ववत असेल. तासायचं कुणासाठी?

आत्या इतका वेळ आपला कागद पुन्हा पुन्हा वाचत होती. तिचंच अक्षर, तिचीच अट, आणि तिला त्यात बोट शिरवायला फट मिळत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणाची तरी बाजू घ्यायची होती आणि ती कशी घेतात हे तिला माहीत नव्हतं. तिनं भाचीच्या हातांकडे पाहिलं. नखांत काळं, मनगटावर भाजलेलं. मग तिनं कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

"पेन कुणाकडे आहे?" तिनं विचारलं.

"कशाला, आत्या?"

"गाडीनं रस्त्यावर उभं राहावं, एवढंच लिहिलंय मी. गाडीनंच रस्त्यापर्यंत जावं असं लिहिलेलं नाही. रस्ता आला तरी चालेल. त्यासाठी अर्ज करावा लागेल."

"रस्ता कोण देणार आहे?" बाबा म्हणाले.

"कुणी नाही. पण अर्ज दिला की तो विचाराधीन होतो. विचाराधीन असेपर्यंत पाचची मुदतही विचाराधीन आणि परिस्थिती जैसे थे. गाडी गोठ्यात, पाने गव्हाणीत, थोरली थोरलीच्या जागी. उत्तर येईपर्यंत कुणाला काही हलवता येत नाही. तुळईलाही हात लावता येत नाही, म्हणून ती उद्या तासायची नाही. गाडी तेवढी गोठ्यातल्या गोठ्यात मागच्या भिंतीला लावून ठेवा. दुसऱ्या गाड्या काही एवढ्या उंच नसतात, त्या येतील नि जातील."

"आणि उत्तर आलं तर?" थोरलीनं विचारलं. 

"मी चौतीस वर्षं त्या कार्यालयात आवक सांभाळली," आत्या म्हणाली. "अर्ज घ्यायचे, शिक्का मारायचा, वर पाठवायचे. जावक दुसऱ्या मजल्यावर होती."

"मग?"

"त्या इमारतीला दुसरा मजला नव्हता."

काका घोरता घोरता कुशीवर वळले.

"पाववाले काका, तुमच्या गाडीचं काय पण?" थोरली मागे वळून म्हणाली.

त्यांनी विचार केला. मग पुन्हा विचार केला. "पाव हातगाडीवरही जातात," ते म्हणाले. "मी आपला रोज येऊन बघून जाईन. आलो तर चालेल ना, दादा?"

"दोनदा या," बाबा म्हणाले.

थोरलीनं चाकावरून हात काढला आणि खिडकीतून बाहेर वाकून बॉनेटवर एकदा फिरवला. ते अजून गरम होतं. पाववाले काकांनी कानामागची पेन्सिल काढून पुढे दिली. कुणी खाली उतरलं नाही. उतरलं तर गाडी वर आली असती आणि आत्याचं अक्षर हललं असतं. गुडघ्यावर कागद धरून तिनं लिहायला सुरुवात केली.

प्रति,
मा. प्रमुख, रस्ते विभाग.

विषय: रस्ता गोठ्यात आणून मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, आमच्या गोठ्यात एक पावाची गाडी उत्तम प्रकारे दुरुस्त होऊन उभी असून, तिच्या उत्तमपणामुळेच ती बाहेर येऊ शकत नाही. गाडीचे काम करणाऱ्या व्यक्तीकडून कोणतीही कसूर झालेली नाही, हे मी स्वतः आत बसून पाहिले आहे. सबब, आमच्या फाटकासमोरील सार्वजनिक रस्ता साडेबेचाळीस पावले आत सरकवून, सदर गाडीच्या चारही चाकांखालून नेण्यात यावा आणि गाडी रस्त्यावर उभी असल्याची नोंद व्हावी. रस्ता डांबरी असल्यास उत्तम, तथापि आग्रह नाही. रस्त्यासोबत त्यावरील रहदारी पाठवू नये.

तसेच, गाडीत दुपारी दोन ते चार या वेळेत एक इसम झोपलेला असतो. त्याची झोपमोड होऊ नये यासाठी रस्ता ती वेळ टाळून, शक्यतो पाय न वाजवता आणण्याची व्यवस्था व्हावी, ही नम्र विनंती.